अभ्यासावरून मन उडाल्यावर विद्यार्थी काय करतात, हे कसे मोजावे

‘तुला अभ्यासाची आवड आहे का?’ असे विचारले की बहुतेक मुले ‘हो’ म्हणतात आणि चौकशी तिथेच संपते. मोजायचे असते ते निराळेच: कंटाळा आला, गणित सुटेना किंवा धडा निरुपयोगी वाटू लागला, तर विद्यार्थी स्वतःला पुन्हा अभ्यासाला कसा लावतो.

त्यामुळे सातारा जिल्ह्यातील नववी-दहावीसाठी प्रश्नावली रचणाऱ्याने आरंभ विधानांपासून न करता प्रसंगांपासून करावा. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर वोल्टर्स यांनी १९९८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे असे प्रसंग ठेवून मोकळी उत्तरे घेतली होती. आपले प्रसंग मात्र इथलेच हवेत: माण तालुक्यातील मुलगी जनावरांचे वैरण-पाणी उरकून प्रमेय घेऊन बसते आणि तिचे डोळे मिटू लागतात, तेव्हा ती काय करते? वीस-पंचवीस मुलांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत.

वर्गीकरणासाठी वोल्टर्स यांच्या १९९९ च्या अभ्यासातील पाच प्रकार उपयोगी पडतात: स्वतःला बक्षीस लावणे, आजूबाजूचा व्यत्यय आवरणे, विषय रंजक करून घेणे, परीक्षेतील गुणांची आठवण ठेवणे आणि ‘हे मला समजलेच पाहिजे’ असे मनाला बजावणे.

खरी कसोटी विधाने लिहिताना लागते. ‘मी स्वतःस पारितोषिक देतो’ असे कोणतेही मूल म्हणत नाही. ‘दोन गणिते झाल्याशिवाय मी खेळायला जात नाही’ असे म्हणते, आणि या रचनेत मुलगा-मुलगी असा क्रियापदाचा घोळही राहत नाही. ‘मोबाईल बाजूला ठेवून मी गच्चीवर अभ्यासाला बसतो’ या विधानात दोन कृती आहेत, तेव्हा ते फोडावे. ‘मी टिपणे काढतो’ ही शिकण्याची पद्धत झाली, मन वळवण्याची नव्हे; ते वगळावे.

प्रत्येक प्रकाराला चार-पाच विधाने आणि ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ अशी पाच पायऱ्यांची श्रेणी पुरते. प्रश्नावली वर्गशिक्षकांनी भरून घेऊ नये आणि तीवर नावही नसावे, अन्यथा सर्वत्र ‘नेहमी’वरच खूण होईल.

क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे एका प्रकारातील विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, प्रत्येक प्रकाराचा वेगळा काढावा. तो साधारणतः ०.७० च्या वर अपेक्षित असतो, मात्र त्यातून विधानांची सुसंगती कळते, यथार्थता (जे मोजायचे तेच मोजले जाते का) नव्हे. पाचही प्रकारांची एकच बेरीज करण्याचा मोह टाळावा, कारण केवळ गुणांच्या आठवणीवर तगून राहणारा आणि विषयात गोडी शोधणारा, हे दोघे त्या बेरजेत एकसारखेच दिसू शकतात.