रस्त्यावरचा वेग कमी करायचाय? मग या चुका टाळा

३० ची पाटी लावली तरी गाड्या ५० नेच धावतात, ही तक्रार सगळीकडे असते. रस्ता रुंद, सरळसोट आणि मोकळा ठेवायचा आणि वेग आवरायचं काम पाटीवर सोपवायचं, इथेच पहिली चूक होते. चालकाचा पाय समोर दिसणाऱ्या रस्त्याच्या अंदाजाने हलतो. साडेतीन मीटरची लेन हमरस्त्याला ठीक आहे, वस्तीतल्या रस्त्याला तीन मीटर पुरतात. उरलेली जागा फुटपाथला द्या. नुसते पट्टे रंगवून रस्ता अरुंद केला तर फरक थोडाच पडतो. कडेला झाडं, खांब असं काहीतरी उभं दिसलं पाहिजे.

एवढा आटापिटा कशासाठी, ते एका हिशोबातून कळतं. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ५० च्या वेगातली गाडी जवळपास १४ मीटर पुढे आलेली असते. ३० च्या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबते. चेंडूमागे धावत आलेलं पोर १४ मीटरवर असेल, तर एक गाडी त्याच्यासमोर थांबते आणि दुसरी ब्रेक लागायच्या आत, पूर्ण वेगात त्याच्यावर आदळते.

आता स्पीडब्रेकर. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रातोरात टाकलेला डांबराचा उंच, अरुंद उंचवटा पाठीचे मणके हलवतो, पण वेग आवरत नाही. इतक्या आखूड उंचवट्यावरून जोरात गेलं की बराचसा धक्का गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर गिळतात. त्रास होतो तो सावकाश जाणाऱ्याला आणि सायकलवाल्याला. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात प्रयोग करून ठरवलेला हंप गोलसर पाठीचा, सुमारे ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो. त्यावरून हळू गेलं तर गाडी अलगद चढते-उतरते, वेगात गेलं तर चालकाला उचलून आपटते.

चांगला हंप बसवूनही वेग उतरत नसेल, तर दोन हंपांच्या बरोबर मध्ये उभं राहून वेग मोजा. तिथे गाड्या सुसाट असतील तर अंतर जास्त आहे. ८०-१०० मीटरवर दुसरा हंप हवा. रुग्णवाहिकेच्या मार्गावर अखंड हंप न घालता मध्ये फटी ठेवलेले तुकडे बसवा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमध्ये जास्त अंतर असलेली रुंद गाडी त्यांना दोन्ही चाकांमध्ये घेऊन निघून जाते. आणि पावसाचं पाणी कुठून वाहून जाणार, हे आधीच ठरवा. तुंबलेलं पाणी हंप झाकून टाकतं.

चौकाचा कोपरा मात्र नकाशात कुणाच्या नजरेत भरत नाही. कोपऱ्याची गोलाई मोठी असली की गाडी ब्रेक न लावताच वळते, आणि पायी माणसाचं ओलांडायचं अंतरही वाढतं. कोरड्या दिवसांत अशा कोपऱ्यावर डांबर नीट पाहा. चाकं जिथून जातात तो भाग काळा घासलेला असतो आणि त्याच्या बाजूला धूळ, पानं, खडी साचलेली असते. तो धुळीचा तुकडा गाड्यांना लागतच नाही. तिथपर्यंत फुटपाथ पुढे आणता येतो. मोठ्या ट्रकची सबब सांगून हा बदल अडवला जातो. कधीमधी येणारा ट्रक सावकाश, शेजारची लेन घेऊन वळू शकतो.

कोपऱ्याला लागून पार्किंग ठेवू नका. उभ्या गाडीआडून निघालेलं मूल चालकाला दिसतच नाही. अमेरिकेतल्या होबोकेन शहराने चौकांजवळची अशी जागा नेटाने मोकळी केली, इतरही उपाय केले, आणि जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून अधिक काळ तिथे रस्ते अपघातात एकही जीव गेला नाही.

एकाच गल्लीत काम केलं तर गाड्या शेजारच्या गल्लीत घुसतात, म्हणून पूर्ण वस्तीचा आराखडा एकत्र करा. काँक्रीट ओतायची घाई नको. आधी वाहतुकीचे प्लॅस्टिकचे कोन आणि कुंड्या ठेवून काही आठवडे बघा. चुकलं तर हलवता येतं. आधी-नंतरचे आकडे घेताना सरासरीवर समाधान मानू नका. शंभरातल्या ८५ गाड्या कोणत्या वेगाच्या आत आहेत ते पाहा, आणि रात्री रस्ता रिकामा असतानाही मोजा.