हृदयाच्या गोळीचा यकृताला त्रास होतोय का, हे कसे ओळखावे आणि काय करावे

हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यावर रक्तात गुठळी होऊ नये म्हणून बहुधा अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात. क्लोपिडोग्रेलने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. ती दुर्मीळ आहेत, म्हणूनच चटकन लक्षात येत नाहीत.

१. क्लोपिडोग्रेलची गोळी सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा. इजा झालीच तर बहुधा पहिल्या काही आठवड्यांत दिसते, कधी काही महिन्यांनीही.

२. लक्षणे ओळखा. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, न जाणारा थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणे, अंगाला खाज, गडद लघवी, पांढुरकी शौच, डोळे पिवळे दिसणे. सुरुवातीची लक्षणे आजारपणाचा अशक्तपणा म्हणून सोडून दिली जातात; लघवीचा रंग मात्र लवकर सांगून जातो. शौच काळी होत असेल तर तो रक्तस्रावाचा इशारा असू शकतो, तेव्हाही वाट पाहत बसू नका.

३. गोळी मनाने बंद करू नका. ही पायरी सर्वांत महत्त्वाची. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो आणि गोळी अचानक थांबवली तर जीवावर बेतू शकते. त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. गोळी बदलायची की थांबवायची, ते त्यांनाच ठरवू द्या. कावीळ दिसत असेल आणि सोबत गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा सतत उलट्या असतील, तर थेट तातडीच्या विभागात जा.

४. रक्त तपासा. एसजीपीटी, एसजीओटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारी एन्झाइम), बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप). एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक आणि बिलिरुबिन दुपटीहून अधिक वाढले असेल, तर डॉक्टर ते गंभीर मानतात. जुने अहवाल सोबत न्या. तुलनेशिवाय एका आकड्यावरून फारसे कळत नाही.

५. घेत असलेले सगळे काही डॉक्टरांसमोर ठेवा. या रुग्णांना बहुधा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनही चालू असते आणि त्यानेही एसजीपीटी वाढू शकतो. पॅरासिटामॉल, दारू, जडीबुटी, काढे, काहीही लपवू नका. विषाणूजन्य कावीळ आणि पित्ताशयातले खडेही तपासून घ्यावे लागतात, त्याशिवाय दोष गोळीवर टाकता येत नाही.

६. इजा क्लोपिडोग्रेलनेच झाली असे ठरले, तर त्या गोळीचे नाव औषधांच्या नोंदीत ठळक लिहून घ्या आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला दाखवा. गोळी बदलल्यावर एन्झाइम उतरायला काही आठवडे लागतात, तोवर सांगितलेल्या दिवशी तपासणी चुकवू नका.