ऑइल टेम्परेचर गेज: काटा खोटा की तेल खरंच तापलंय?

जुन्या गाडीचा ऑइल टेम्परेचर गेज विचित्र वागायला लागला की पहिला हात सेन्सर बदलण्याकडे जातो. तो आवरा. या सर्किटमध्ये तीनच भाग आहेत: तेलात बुडालेला सेन्सर, तिथून डॅशबोर्डपर्यंत येणारी एक वायर, आणि गेज. दोष कोणत्या भागात आहे हे काही मिनिटांत कळतं. ते कळल्याशिवाय घेतलेला पार्ट बहुतेक वेळा वाया जातो.

त्याही आधी एक प्रश्न सोडवा: तेल खरोखरच तापलंय का? सम्पमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतलं, चार-पाच लिटर तेल सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. पाणी नॉर्मलला आल्यावरही तेलाला आणखी बराच वेळ लागतो. थंड इंजिनापासून १५ ते २० मिनिटं गाडी चालवल्याशिवाय काटा आपल्या जागेवर स्थिरावत नाही. त्यामुळे काटा सेकंदात ४० अंश उडाला, खड्ड्यात हलला किंवा हेडलाइट लावताच सरकला, तर तो तेलाचा खेळ नव्हे, विजेचा आहे. उलट काटा हळूहळू चढत १३० अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि त्याच वेळी आयडलिंगला ऑइल प्रेशर नेहमीपेक्षा खाली आलं, तर गेजवर विश्वास ठेवा. गरम तेल पातळ होतं आणि प्रेशर पडतं. दोन वेगळी मीटरं एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी धरायची. गाडी थांबवा, तेलाची पातळी आणि ऑइल कूलर बघा. जाड खनिज तेल सतत या तापमानात राहिलं तर लवकर खराब होतं.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर सम्पच्या बाहेरून खात्री करता येते, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर तो फसवं, कमी तापमान दाखवतो. मॅट काळ्या रंगाचा छोटा ठिपका द्या आणि तिथे मोजा. बाहेरचा पत्रा आतल्या तेलापेक्षा थोडा थंडच असतो, हे लक्षात घ्या.

आता गेजचा प्रकार ओळखा. मागे वायरऐवजी बारीक धातूची नळी जात असेल तर तो कॅपिलरी गेज. त्याच्या बल्बमध्ये चटकन वाफ होणारा द्रव असतो आणि वाफेच्या दाबावर काटा फिरतो. नळी चिरली किंवा पिळून तुटली की काटा कायम तळाला जातो. तिथे मल्टीमीटरचं काम नाही. नळी न कापता पूर्ण संच काढून गेज दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावा लागतो. पुढचं सगळं इलेक्ट्रिक गेजसाठी आहे.

इलेक्ट्रिक सेन्सरच्या आत बहुधा एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तेल जितकं गरम तितका त्याचा रेझिस्टन्स कमी. यावरूनच पहिली चाचणी बनते. इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरवरची वायर काढा आणि कशालाही न टेकता मोकळी धरा: काटा पूर्ण थंड बाजूला गेला पाहिजे. मग वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा: काटा गरम टोकाकडे निघाला पाहिजे. जुन्या बायमेटल गेजमध्ये (त्यात तापल्यावर वाकणारी दोन धातूंची पट्टी काटा फिरवते) आतली तापणारी वायर नाजूक असते, म्हणून थेट अर्थ, म्हणजे वायर धातूला टेकवणं, दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. त्याहून बरं म्हणजे मध्ये ६८ ओहमचा रेझिस्टर घालणं. काटा मध्येच कुठेतरी थांबतो आणि गेजला इजा होत नाही.

काटा दोन्ही वेळा बरोबर हलला तर गेज आणि वायर ठीक, संशय सेन्सरवर किंवा त्याच्या अर्थिंगवर. वायर मोकळी असतानाही काटा गरमच दाखवत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. एक्झॉस्टजवळ वितळलेलं आवरण आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातला झिजलेला रबर ग्रोमेट आधी बघा. अर्थ करूनही काटा हलत नसेल तर गेजच्या मागे जाऊन तीच चाचणी त्याच्या सेन्सर टर्मिनलवर करा. तिथे हलला तर मधली वायर तुटलेली आहे. तिथेही नाही हलला तर गेजला सप्लाय येतोय का ते मोजा. डॅशबोर्डमागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, गेज बाहेर आल्यावर पुन्हा जोडा.

सप्लायच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. १९६०-७० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीच्या बायमेटल गेजना सरळ १२ व्होल्ट मिळत नाहीत. मध्ये बसवलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर ते तोडून-जोडून सरासरी १० व्होल्टवर आणतो. त्यावर फ्युएल गेजही चालतो. दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवायला लागले, तर स्टॅबिलायझर चिकटलाय किंवा त्याची बॉडी नीट अर्थ होत नाही. डिजिटल मीटरवर इथे आकडा उड्या मारतो, त्याला घाबरू नका. टेस्ट लॅम्प लावला तर तो लुकलुकला पाहिजे. स्थिर पेटून राहिला तर स्टॅबिलायझर गेला. गेजला नेहमीच पूर्ण १२ व्होल्ट लागतात असं धरून सरळ सप्लाय देणं मात्र टाळा, काटा कायमचा चुकेल.

अर्थिंगकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण इथली चूक गप्प असते. एका टर्मिनलचा सेन्सर आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो. गळती थांबवायला आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळला की मध्ये जास्तीचा रेझिस्टन्स येतो आणि गेज खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. गंजलेलं टर्मिनल किंवा इंजिन-बॉडीमधली खराब अर्थ पट्टीही हेच करते. जास्त दाखवणारा गेज तुम्हाला निदान थांबवतो; कमी दाखवणारा गेज बेअरिंग जळेपर्यंत सगळं ठीक आहे म्हणत राहतो. तपासणी सोपी: इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब सेन्सरच्या बॉडीवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ पट्टीची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून पुन्हा कसा.

सेन्सर तपासायला तो काढावा लागतो. सम्पमध्ये असेल तर तेल आधी काढा. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. थंड सेन्सरचा रेझिस्टन्स काही शेकडो ओहम किंवा त्याहून जास्त असतो. तापवल्यावर तो एकसारखा खाली यायला हवा, मध्येच उडी नको. सगळ्यात उपयोगी चाचणी मीटरशिवाय होते. गाडीची वायर सेन्सरलाच जोडलेली ठेवा, सेन्सरच्या बॉडीपासून इंजिनापर्यंत एक जंपर वायर घ्या, आणि टोक उकळत्या पाण्यात बुडवा. टर्मिनल कोरडं, टोक भांड्याच्या तळाला न टेकता. गेज १०० च्या आसपास आला पाहिजे. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक अंश वजा करा. या एका चाचणीत सेन्सर, वायर आणि गेज तिन्ही तपासले जातात. पाच अंशांचा फरक चालतो, वीसचा नाही.

नवा सेन्सर घेताना तो गेजशी जुळणारा हवा. १२० अंशांच्या गेजचा सेन्सर १५० च्या गेजला लावला तर काटा हलतो, पण खोटं सांगतो. ज्या सेन्सरला दोन टर्मिनल असतात, त्यातलं एक अनेकदा वॉर्निंग दिव्याचं असतं. व्हीडीओ कंपनीच्या सेन्सरवर ‘जी’ गेजचं आणि ‘डब्ल्यूके’ दिव्याचं. आटेही नीट पाहा: एम १० गुणिले १ (सरळ आटे) आणि १/८ एनपीटी (निमुळते आटे) डोळ्यांना सारखेच दिसतात, चुकीचा दोन फेरे आत जातो आणि अॅल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. हाताने सहज फिरत नसेल तर पाना लावू नका. सरळ आट्यांना नवा तांब्याचा वॉशर पुरतो. निमुळत्या आट्यांना थोडं सीलंट, पहिले दोन आटे मोकळे सोडून.

सेन्सर कुठे बसवलाय यालाही महत्त्व आहे. लांब टी अडॅप्टरच्या (टी आकाराच्या जोडतुकड्याच्या) बंद टोकाला तेल वाहत नाही, तिथे नवा कोरा सेन्सरही कमीच दाखवेल. कूलरच्या आधी आणि नंतर वेगवेगळे आकडे येतात, म्हणून जुना आकडा आणि नवा आकडा एकाच जागेचे असतील तरच तुलना करा. बसवून झालं की तेल भरा, इंजिन सुरू करून गळती बघा, अर्धा तास चालवून तेल गरम असताना पुन्हा एकदा खाली डोकावा.