जुनी आरसी गाडी पुन्हा पळवायची आहे? इलेक्ट्रॉनिक्स घेताना या चुका टाळा

जपानी कंपनी तामियाची 'हॉर्नेट' ही रिमोटवर चालणारी (आरसी) मॉडेल गाडी १९८४ साली आली आणि २००४ मध्ये कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे तुमच्याकडे माळ्यावरून काढलेली जुनी हॉर्नेट असो की खोक्यातून काढलेलं नवं किट, गाडी जवळपास तीच आहे. तिच्या पोटातलं मात्र सगळं बदललंय. तेव्हा सर्वोने (रिमोटच्या हुकमावर दांडी फिरवणारी छोटी मोटर) ढकलला जाणारा पायऱ्यापायऱ्यांचा मेकॅनिकल स्पीड कंट्रोल होता, तापून लाल होणारा रेझिस्टर होता, रिसीव्हरसाठी (रिमोटचे, म्हणजे ट्रान्समीटरचे, संदेश पकडणारा भाग) चार पेन्सिल सेलची वेगळी डबी होती आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारे रंगीत शेपटीचे क्रिस्टल होते. आज यातलं काहीच लागत नाही.

वीस-तीस वर्षांनी या छंदाकडे परतणारा माणूस दुकानात जातो, हातात आता पैसे असतात, आणि शेल्फवरचं सगळ्यात दमदार जे असेल ते उचलतो. मग ते चाळीस वर्षांपूर्वी आखलेल्या गिअरबॉक्सवर चढवतो. माझं म्हणणं एवढंच की इलेक्ट्रॉनिक्स निवडताना गाडीतल्या सगळ्यात दुबळ्या भागाकडे आधी बघा. खाली उदाहरण हॉर्नेटचं घेतलंय, पण तामियाचीच ग्रासहॉपर, फ्रॉग किंवा अगदी टीटी-०२ असली तरी हिशोब फारसा बदलत नाही.

ब्रशलेस मोटर घ्यायचीच, असं घरूनच ठरवून निघणं

किटसोबत येणारी चंदेरी डब्याची ५४० मापाची ब्रशवाली मोटर ७.२ व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. आता ऑनलाइन कॉम्बोमध्ये हमखास दिसणारी ३३०० केव्हीची ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेली) घ्या. केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती फेऱ्या. ७.४ व्होल्टला गुणलं की २४,४२० होतात, आणि लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) नुकती चार्ज केली असेल तर ८.४ व्होल्टवर आकडा २७ हजारांच्या पुढे जातो. हॉर्नेटला पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) बदलून वेग आवरण्याची सोय तुटपुंजी आहे. म्हणजे हा सगळा जोर थेट प्लॅस्टिकच्या गिअरांवर आणि मागच्या उड्या मारणाऱ्या अ‍ॅक्सलवर येतो. गाडी सरळ जायचं सोडून पाठीवर पडते, आणि दोन-चार रविवारांत गिअरबॉक्समधून किरकिर ऐकू येते.

ब्रशलेसच हवी असेल तर सेन्सर असलेली २१.५ टर्न किंवा फार तर १७.५ टर्न बघा. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे; ते जितके जास्त, तितकी मोटर शांत. हे जुन्या माणसांना माहीत असतंच, पण ब्रशलेसचे टर्न आणि ब्रशवाल्याचे टर्न एकास एक जुळत नाहीत हे लक्षात येत नाही. २७ टर्नची ब्रशवाली मोटर होती म्हणून २७ टर्नची ब्रशलेस शोधत बसू नका. २१.५ टर्नची मोटर वेगाने साधारण चंदेरी मोटरच्याच घरात येते, फक्त जास्त थंड आणि जास्त वेळ चालते.

सेन्सर नसलेली मोटर स्वस्त पडते, पण अगदी हळू सुटताना अडखळते, गचके देते. अंगणात मुलांबरोबर हळूहळू चालवायची असेल तर हे फार जाणवतं.

आणि खरं सांगायचं तर ब्रशवाली मोटर मेलेली नाही. साधी स्वस्त ५४०, सोबत ब्रशवाला चांगला ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल), आणि वाचलेल्या पैशात प्लॅस्टिकच्या बुशिंगऐवजी बॉल बेअरिंगचा सेट. हॉर्नेटवर पहिला खर्च करायचा तर तो बेअरिंगवर, असं मी प्रत्येकाला सांगतो. मोटरचा जोर घर्षणात घालवून वर मोठी मोटर घेण्यात शहाणपणा नाही.

लायपोला निकॅडसारखं वागवणं

यात नुसते पैसे जात नाहीत, घरात आगही लागू शकते. म्हणून इथे जरा थांबू.

जुनी सहा सेलची निकॅड (निकेल-कॅडमियम) स्टिक ७.२ व्होल्टची, १२००-१७०० एमएएच क्षमतेची असे. ती पूर्ण रिकामी करून मग चार्ज करायची, रात्रभर चार्जरला लावून ठेवायची, ही आपल्या हाताला लागलेली सवय. लायपोला या दोन्ही सवयी घातक आहेत. दोन सेलची लायपो, म्हणजे २एस, नाममात्र ७.४ व्होल्टची असते. भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोहोचतो. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याचं नुकसान सुरू होतं, आणि तशी खोलवर उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज करणं धोक्याचं.

चार्जर बॅलन्सवालाच हवा, म्हणजे प्रत्येक सेल सारखा भरणारा. पांढरी छोटी बॅलन्सची पिन न लावता फक्त जाड तारांवरून चार्ज केलं, तर एक सेल ४.३ ला आणि दुसरा ४.१ ला असं होऊ शकतं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. निकॅडचा जुना भिंतीवरचा चार्जर लायपोला कधीही लावू नका, 'पाच मिनिटंच' म्हणूनसुद्धा नाही. चार्जिंगचा वेग क्षमतेइतका ठेवा: ४००० एमएएचला ४ अँपिअर. समोर बसून चार्ज करा. फुगलेली बॅटरी परत वापरू नका. आठवडाभर चालवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. भरलेली बॅटरी मे महिन्यात बंद कारच्या डिकीत ठेवून गावी जाणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांना काय सांगावं हेच कळत नाही.

मापाचंही एक आहे. जुन्या स्टिकच्या कडा गोल होत्या आणि त्या काळच्या बऱ्याच चासीतला बॅटरीचा खण त्याच मापाचा आहे. कडक कवचाची चौकोनी लायपो तिथे बसत नाही. मग लोक चासी कापतात. कापू नका, गोल कडांची स्टिक लायपो मिळते.

नाहीतर निकेल मेटल हायड्राइड घ्या. तीन हजार एमएएचची स्टिक चंदेरी मोटरवर भरपूर वेळ चालते, कपाटात ठेवताना काळजी वाटत नाही आणि कुरिअरवाला विमानाने पाठवायला लायपोइतकी खळखळ करत नाही. घरात लहान मुलं असतील आणि गाडी महिन्यातून एकदा निघणार असेल, तर माझं मत हिच्याच बाजूने पडतं.

ईएससी बॅटरीशी न जुळवणं

तामियाच्या बऱ्याच किटमध्ये टीबीएलई-०२एस हा ईएससी येतो. ब्रशवाली मोटर चालवतो, सेन्सरवाली ब्रशलेसही चालवतो, पण लायपो फार उतरली की मोटर थांबवणारा कटऑफ त्यात नाही. लायपो लावली तर ती शेवटपर्यंत उतरत राहणार. सोबत व्होल्टेज अलार्म लावा किंवा हायड्राइड वापरा.

हॉबीविंगचा १०६० हा ब्रशवाला ईएससी स्वस्त आणि टिकाऊ आहे. त्यावर बारक्या जंपरने बॅटरीचा प्रकार निवडायचा असतो, आणि इथेच गंमत होते. जंपर लायपोवर ठेवून हायड्राइड लावली तर ६.५ व्होल्टच्या आसपास ईएससी हात आखडता घेतो. ब्रेकनंतर एकदम ॲक्सिलरेटर दाबला की जोर गायब, आणि माणूस मोटरला दोष देतो. उलट, जंपर हायड्राइडवर ठेवून लायपो चालवली तर ती मरेपर्यंत ईएससी काही बोलत नाही. पहिली चूक त्रास देते, दुसरी बॅटरी खाते.

जुन्या मोटरवर त्या काळी कुणी शॉट्की डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडला असेल तर तो आधी कापा. फक्त पुढे जाणाऱ्या ईएससीच्या जमान्यात तो उपयोगी होता. आजचा ईएससी रिव्हर्स देतो, आणि रिव्हर्स दाबल्या क्षणी तो डायोड शॉर्टसारखा वागतो. मोटरवरचे ०.१ मायक्रोफॅरडचे तीन छोटे कपॅसिटर मात्र राहू द्या, ते ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट दाबतात.

पांढरा तामिया कनेक्टर चंदेरी मोटरपुरता ठीक आहे. त्याहून गरम मोटर असेल तर तो पिवळा पडतो, मग वितळतो. टी-प्लग किंवा एक्सटी-६० लावा, आणि एकदा ठरवलं की घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांना तोच.

रिसीव्हर कुठलाही चालेल असं समजणं

२७ मेगाहर्ट्झच्या दिवसांत ट्रान्समीटर एका कंपनीचा आणि रिसीव्हर दुसऱ्याचा, असं अनेकदा चालून जायचं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये तसं नाही. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी, आणि एकाच कंपनीतही जुनी-नवी पिढी एकमेकांना ओळखत नाही. फ्लायस्कायचा एएफएचडीएस आणि एएफएचडीएस २ए वेगळे. फुटाबाचे एस-एफएचएसएस आणि टी-एफएचएसएस वेगळे. म्हणून ट्रान्समीटर निवडतानाच त्याचा जादा रिसीव्हर किती किमतीला मिळतो ते बघा. एका गाडीवर कुणी थांबत नाही.

अँटेनाही तशीच राहिलेली नाही. जुन्या रिसीव्हरची लांब तार नळीतून वर काढायची असे. नव्याच्या तारेचं शेवटचं उघडं टोकच काम करतं, साधारण ३१ मिलिमीटर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग. ते टोक कापू नका, मोटरच्या तारांखाली दाबू नका, उभं ठेवा.

बाइंड करताना, म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी जमवताना, फेलसेफ लावून टाका: सिग्नल गेला की थ्रॉटल न्यूट्रलला किंवा ब्रेकवर. हे न केलेली गाडी सिग्नल तुटला की शेवटच्या वेगाने थेट रस्त्यावर जाऊ शकते. ट्रान्समीटर आधी चालू करायचा आणि शेवटी बंद, ही जुनी शिस्त अजूनही पाळा.

जुना सर्वो वाचवायला जाणं

जुना सर्वो ४.८ ते ६ व्होल्टसाठी होता. आजच्या काही ईएससींचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग) ७.४ व्होल्टही देतो. सेटिंग न बघता जोडलात तर पहिल्याच वळणाला धूर. जुन्या सान्वा सर्वोंच्या प्लगमध्ये तारांचा क्रमही वेगळा होता; आज प्लस मधोमध असतो. प्लग बसतो म्हणून तो जुळतोच असं नाही. ईएससीमध्ये बीईसी असेल तर ती चार सेलची जुनी डबी पूर्ण काढून टाका, दोन्ही एकदम जोडायचे नाहीत.

नवा सर्वो घेताना हॉर्नचे (सर्वोच्या दांड्यावर बसणाऱ्या हाताचे) दाते मोजा: फुटाबा पद्धतीचे २५, हायटेकचे २४, सान्वा-केओचे २३. आणि वीस किलो जोराचा मेटल गिअर सर्वो हॉर्नेटला कशाला हवा? किटमधला सर्वो सेव्हर (धक्का सोसणारा जोड) त्याच्यापुढे लवचिक पडतो, आणि तो काढून कडक हॉर्न लावला तर पुढचे हात मोडतात. पाच-सहा किलो पुष्कळ झालं.

एवढं करूनही गाडी नीट चालेना

वळण आणि ॲक्सिलरेटर एकत्र दिला की क्षणभर सगळं बंद पडतं आणि परत चालू होतं: लोक रेंजला दोष देतात. बहुतेक वेळा बीईसी कमी पडतोय. स्टिअरिंगचे एंड पॉइंट (वळण्याची कमाल मर्यादा) कमी करून बघा, सर्वो टोकाला अडून करंट ओढत असतो. रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलवर कपॅसिटर लावूनही फरक पडतो.

पुढे दाबल्यावर मागे जाते किंवा पूर्ण वेग मिळत नाही: ईएससीला ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन (थ्रॉटलची टोकं ओळखायला शिकवणं) दिलेलं नाही. फुटाबाचा ट्रान्समीटर आणि हॉबीविंगचा ईएससी असेल तर आधी थ्रॉटल चॅनेल रिव्हर्स करा, मग कॅलिब्रेट करा.

ब्रशलेस मोटर जागेवर थरथरते: सेन्सरवाली असेल तर ए-बी-सी तारा अक्षरांप्रमाणेच लागल्या आहेत का ते बघा, मग सेन्सरची केबल. दिशा उलटी करायला दोन तारांची अदलाबदल फक्त सेन्सर नसलेल्या मोटरवर करायची. सेन्सरवाल्यावर ती केलीत तर मोटर तापते आणि ईएससी जातो. तिथे दिशा ईएससीच्या प्रोग्रामिंगमधूनच बदलायची.