तेलाच्या कॅनने दम मोजायचा कसा

फुप्फुसांचा धडा आला की मी दरवर्षी हा खटाटोप करते. पाच लिटरचा पारदर्शक तेलाचा कॅन, अर्ध्या इंची पाण्याचा मीटरभर पाईप, मोठं घमेलं आणि लिटरचं माप एवढंच सामान लागतं. कॅन गरम पाणी नि साबणाने दोनदा धुवा. तेलकट राहिला तर पालथा करताना हमखास निसटतो.

कॅन सुलटा ठेवून अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता आणि दर वेळी पातळीपाशी मार्करने रेघ मारा. आकडे मात्र उलटे लिहा. पुढे कॅन पालथा होईल, हवा त्याच्या बुडाशी साठेल आणि बुडापासून मोजलेल्या याच रेघा कामी येतील. पहिल्या वर्षी मी आकडे सरळ लिहिले आणि मुलं तासभर माना वाकड्या करून वाचत बसली.

आता कॅन काठोकाठ भरा. तोंडावर तळहात दाबून घमेल्यातल्या पाण्यात पालथा करा आणि हात काढून घ्या. पाणी आतच राहतं. एकाने कॅन धरायचा, दुसऱ्याने पाईपचं टोक कॅनच्या तोंडातून आत सारायचं. हे अंगणातच करा, कारण जेवढी हवा आत जाईल तेवढं पाणी घमेल्याबाहेर सांडणार.

पहिलं माप साध्या श्वासाचं. नाकाने श्वास घ्या, पाईपमधून सोडा. घेताना पाईपचं तोंड अंगठ्याने दाबून ठेवा, नाहीतर बाहेरची हवा पाईपमधून आत शिरते. एका श्वासाची रेघ नीट वाचता येत नाही, म्हणून पाच श्वास सोडून पाचाने भागा. मोठ्या माणसाचं उत्तर ५०० मिलीच्या आसपास येतं. त्यातले सुमारे १५० मिली तर घसा नि श्वासनलिकांतच राहतात, रक्तापर्यंत पोचतच नाहीत. उथळ, भराभर श्वास घेणारा माणूस लवकर थकतो तो यामुळेच.

नंतर कॅन पुन्हा भरा. साधा श्वास नेहमीसारखा बाहेर सोडा आणि उरलेली हवा पोट आत ओढत पाईपमध्ये ढकला. पुस्तकात याला लिटरभराहून थोडं जास्त दिलेलं असतं. इथे मुलांना पोटावर हात ठेवायला सांगते. शांत बसल्यावर श्वास सोडायला स्नायू लागत नाहीत. ताणलेली फुप्फुसं आपोआप आकसतात. जोर लावला की मगच पोटाचे स्नायू कामाला लागतात. श्वास घेताना मात्र श्वासपटल (छाती नि पोटामधला पडदा) खाली सरकतं, बरगड्या वर-बाहेर जातात, छातीत जागा वाढते आणि म्हणून हवा आत येते. हवा आल्यामुळे छाती फुगते, असं निम्मा वर्ग उलटं सांगतो.

शेवटचं माप खरं गमतीचं. उभं राहून छाती गच्च भरा, नाक चिमटीत धरा आणि सगळं बाहेर सोडा. घाई नको. लंडनमध्ये १८४६ साली डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक लोकांची हीच धारकता, म्हणजे गच्च भरलेल्या छातीतून बाहेर पडणारी एकूण हवा, मोजली आणि ती उंचीबरोबर वाढते असं दाखवलं. पुरुषांसाठी पुस्तकात साडेचार लिटरच्या आसपास आकडा असतो. तो आपल्याला आला नाही म्हणून घाबरू नका. सगळं सोडल्यावरही सुमारे १.२ लिटर हवा आत उरतेच. ती फुंकून मोजता येत नाही, त्यासाठी दवाखान्यात हेलियम वायू वगैरे वापरतात.

प्रत्येकाला पाईपचा स्वतःचा तुकडा द्या. पाणी ओढू नका. चक्कर आली तर थांबा. दमा, हृदयविकार किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी नुसतं बघावं. दम्याचा अंदाजही यावरून बांधू नका, कारण तिथे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते बघावं लागतं आणि कॅनला घड्याळ नाही.

गेल्या वर्षी आमचा कबड्डीतला चढाईबहाद्दर छाती काढून पुढे आला. कॅनवर ३.१ लिटर आले. मागच्या बाकावरच्या उंच मुलीने, जिने कधी मैदान पाहिलं नव्हतं, ३.४ केले. मी त्याला समजावलं की, अरे, तुझा दम साठ्यात नाही, तो पुरवून पुरवून सोडण्यात आहे. त्याला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे टेप मागायला आला, उंची पुन्हा मोजायची म्हणून.