पितळखोऱ्याला जाताय? या चुका टाळा

गौताळा अभयारण्य, तिथला तलाव, पितळखोरे लेणी आणि पाटणादेवी, सगळं एकाच रविवारी उरकायला निघालेली मंडळी मला चाळीसगावात नेहमी भेटतात. पाटणादेवी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. इतकी घाई असेल तर लेण्यांना तरी येऊ नका.

या घाईतूनच सगळ्यात वाईट चूक होते. तिसऱ्या लेण्यात खांबांवर बुद्धाची चित्रं आहेत. लेणं इसवी सनापूर्वीचं, चित्रं नंतरची. एकदा एक पोरगा बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन खांबावर शिंपडत होता.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"पानी मारं का रंग चांगला दिखस."

रंग उजळला खरा, पण क्षणभरच. मग मातकट ओघळ खाली आला आणि खांबाच्या बुडाशी नखाएवढा पोपडा पडला, एका अंगाने तांबडा. माझा जीव कळवळला. ही चित्रं थेट दगडावर नाहीत, दगडावर लिंपलेल्या मातीच्या गिलाव्यावर आहेत. पाणी मुरलं की गिलावा सुटतो, आणि तो परत बसत नाही. मी आत गेल्यावर आधी पाच मिनिटं नुसता उभा राहतो. डोळे अंधाराला सरावले की चेहरे आपोआप दिसू लागतात. फ्लॅश नको, हात तर नकोच.

दुसरी चूक अत्तराची. पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळाने दिलेल्या दानाचा लेख इथे खांबावर आहे. तो जरूर बघा, पण स्वतः अत्तर, स्प्रे मारून येऊ नका. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. त्याच्याखाली बिडी किंवा चूल पेटवणं त्याहून घातक. आमच्यातल्या एकाने बिडी शिलगावली आणि माश्या उठल्या. मी उपरणं तोंडावर ओढून लांब पळालो, तरी मानेवर सात नांग्या निघाल्या. माश्या झटकत बसू नका, तोंड झाकून लांब निघा. नांग्या सुरक्षित जागी पोचताच काढा. धाप लागली, ओठ सुजले तर थेट दवाखाना गाठा.

माकडांसमोर पिशवी उघडू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर चप्पल नको. तलावात उतरू नका.

बिबट्या दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. पहाटे पाणवठ्यापासून लांब, गप्प बसा. मला नीलगाय तशीच दिसली, कान हलवत, पाणी पिताना.