घरी केलेल्या कपाटाला स्टेन-पॉलिश करताना या चुका टाळा

कपाट मस्त जमतं, कोपरे काटकोनात बसतात, दारं नीट मिटतात, आणि मग शेवटच्या दोन दिवसांत घाई करून पॉलिशमध्ये सगळं वाटोळं करतात. तेच तेच बघून आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेडकार्ड बघून रंग ठरवणं. माझ्या भाच्याने कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत बसून पाइनचं बुटांचं कपाट केलं, काम खरंच सुरेख होतं. त्याला जुन्या वाड्यातल्या सागवानी कपाटासारखा गडद रंग हवा होता, मग काय, रविवार पेठेतून वॉलनट स्टेन (लाकडात मुरणारा अक्रोडी रंग) आणला आणि थेट दारावर लावला. थोड्या वेळात फोन, "मामा, हे डाग-डाग का दिसतंय?" जाऊन बघितलं तर दारभर काळपट ढग, मधेच फिकट पट्टे, फळीची कापलेली टोकं तर जवळजवळ काळी. पाइन सगळीकडे सारखा स्टेन पीत नाही, मऊ भागात जास्त शिरतो आणि टोकाला तर शोषतच राहतो. पॉलिश पेपरने घासून घासून हात दुखले पण रंग आत उतरलेला, शेवटी दारांच्या फळ्याच बदलल्या.

पाइनला मी आधी चपड्याचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) एकदम पातळ हात देतो, वाळला की 320 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासतो आणि मगच स्टेन. फक्त तो स्टेन स्पिरिटवाला नको, नाहीतर खालचा चपडा परत विरघळतो. आणि कपाटाचे उरलेले तुकडे फेकू नका हो! त्याच लाकडाच्या तुकड्यावर तेच घासकाम, तोच स्टेन आणि वरचं फिनिशसुद्धा पूर्ण करून बघा, कारण वरचा हात चढला की रंग बदलतो, ऑइलवालं पॉलीयुरेथेन (पीयू, टणक प्लास्टिकसारखं फिनिश) पिवळसर झाक देतं. बघायचंही त्याच खोलीत, दिवसाच्या उजेडात. एवढा एक दिवस थांबवत नसेल तर सरळ ऑइल पेंट मारा, निदान लाकूड वाया जाणार नाही.

दुसरं, पावसाळा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये झड लागलेली असताना लॅकर (थिनरवालं फिनिश) किंवा चपडा लावायचा नाही म्हणजे नाही. थिनर, स्पिरिट पटकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि फिनिश पांढरट होतं. गणपतीच्या आधी कपाट उभं राहिलंच पाहिजे म्हणून लोक ऐकत नाहीत, वर आणखी एक हात मारतात आणि ती ओल आतच कोंडतात. थांबा, कोरडा दिवस येऊ दे, चपडा असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने हलका हात फिरवा, बहुतेक वेळा पांढरेपणा जातो.

फेविकॉलचे ओघळ तसेच राहिले तर तिथे स्टेन धरत नाही. स्टेनआधी थिनरचं फडकं फिरवलं की डाग दिसतात, ते घासून काढा.

कोरं लाकूड घासायचं रेषांच्या दिशेने, 180 किंवा 220 नंबरच्या पेपरला थांबायचं, उगाच काचेसारखं गुळगुळीत केलं तर स्टेन धरायला जागाच राहत नाही.

वॅक्स सगळ्यात शेवटी. त्याच्यावर काहीही टिकत नाही.

फिनिश म्हणून जवसाचं तेल लावलंत तर ती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. मी दोरीवर मोकळी पसरतो, पूर्ण कडक वाळली की मगच टाकतो.

आणि फिनिश वापर बघून घ्या. बूट, ओल्या छत्र्या, स्वयंपाकघर असेल तर पीयू. पुस्तकांच्या कपाटाला चपडा पुरतो आणि दिसतोही छान, पण वर गरम चहाचा कप ठेवलात की पांढरं गोल कडं उमटणार. आतल्या बाजूला मी नेहमी चपडाच लावतो, तेलाचा वास बंद कपाटात महिनोन् महिने राहतो आणि कपड्यांना लागतो.